थंडीत कॉलेज बंद ठेवायचं की पहिला तास पुढे ढकलायचा?

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो असा समजला: परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुमचं सीनिअर कॉलेज आहे, सोबत ज्युनिअरही. जुलैपासून प्रभारी प्राचार्यपद तुमच्याकडे आलंय. गेल्या आठवड्यात पारा सहाच्या खाली गेला आणि तिन्ही बाजूंनी रेटा सुरू झाला. पालक म्हणतात, एवढ्या गारठ्यात साडेसातचं कॉलेज नको, आठ दिवस बंद ठेवा. विद्यापीठाचं परिपत्रक म्हणतं, सत्राचे ९० दिवस भरलेच पाहिजेत. आणि संस्थेचे सचिव म्हणतात, कलेक्टरची ऑर्डर दाखवा, मग सुट्टीचं बोला. म्हणून तुम्ही विचारलंत, प्राचार्याला स्वतःच्या सहीनं थंडीची सुट्टी देता येते का?

एखाद्या दिवसाची देता येते. तो दिवस पुढे रविवारी भरून काढायचा, तसा ठराव आणि नोटीस करून ठेवायची, कुणी हरकत घेत नाही. पण तुमची खरी अडचण सुट्टीची आहे असं मला वाटत नाही. साडेसातच्या तासासाठी लांबच्या गावची पोरगी पावणेसहाला अंधारात फाट्यावर येऊन उभी राहते, ही ती अडचण आहे. सुट्टी दिली तर आठ दिवस ती टळते, नवव्या दिवशी पुन्हा तोच फाटा आणि तोच अंधार.

मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. त्यातली १४ वर्षं वेळापत्रक माझ्या टेबलावर होतं आणि शेवटी काही काळ तुमच्यासारखीच प्रभारी खुर्ची. गोदाकाठचं तालुक्याचं गाव, तीस-पस्तीस खेड्यांतून एसटीनं, टमटमनं, सायकलवर येणारी पोरं. शहरातल्या, हॉस्टेलवाल्या कॉलेजाला मी सांगतो त्यातलं निम्मंही लागू व्हायचं नाही, तुम्हाला बहुतेक होईल.

मत आधीच सांगून टाकतो. थंडीसाठी कॉलेज बंद ठेवू नका, पहिला तास पुढे ढकला. बंद ठेवायचं ते रस्ता बंद पडला तर. आणि यातलं काहीही करा, ते लांबच्या गावची पहिली गाडी सुटायच्या आत पोरांच्या कानावर गेलं पाहिजे. सकाळी सव्वासातला घेतलेला अगदी बरोबर निर्णयसुद्धा फुकट असतो, कारण तोवर निम्मं कॉलेज गाडीत बसलेलं असतं.

आधी पाऱ्याचं बघू, कारण पालक तुमच्यासमोर पेपरचं कात्रण धरतात. पेपरात 'परभणी ५.६' असं छापून येतं तेव्हा तो आकडा बऱ्याचदा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा असतो. तो परिसर म्हणजे मोकळं, ओलिताखालचं रान. हवामान खात्याची परभणीची नोंद वेगळी असते, आणि दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. डिसेंबर २०१८ च्या शेवटी कृषी विद्यापीठात २ अंशांची नोंद झाली होती, तुम्हाला आठवत असेल. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषयच नव्हता. दोन्ही आकडे खरेच. पण तुमच्या कॉलेजच्या फाटकापाशी किती होतं, ते त्यातला एकही सांगत नाही.

कारण आपल्याकडची थंडी बर्फाची नाही, उघड्या आभाळाची आहे. उत्तरेकडून कोरडी हवा आली, वारा पडला, ढग नसले की काळी जमीन रात्रभर ऊब सोडत राहते. गार झालेली हवा जड असते, ती सखल जागी, ओढ्या-नदीकाठी साचते. एके वर्षी बी.ए. तृतीयच्या पोरांना प्रकल्पासाठी पाच तापमापक देऊन आपापल्या गावी पाठवलं होतं. ओढ्याकाठच्या गावात आमच्या कॉलेजपेक्षा तीन अंश कमी भरले, आणि तिथून दीड-दोन किलोमीटरवर माळावर वसलेल्या गावात कॉलेजपेक्षा जास्त. त्यानंतर मी पेपरचा आकडा सोडला. भूगोल विभागामागे सिक्सचा तापमापक (रात्रीचं किमान आणि दिवसाचं कमाल दोन्ही दाखवणारा) टांगला आणि शिपाईमामांना रोज सकाळी वहीत आकडा लिहायला सांगितलं. तुमच्याकडे भूगोल विभाग असेल तर हे उद्यापासून करा. सचिवांपुढे वही ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो.

हवामान खात्याची थंडीच्या लाटेची व्याख्याही जवळ असू द्या, कारण 'लाट' हा शब्द सगळेच सैल वापरतात. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावं लागतं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलेलं असावं लागतं, उतार ६.४ अंशांच्या पुढे गेला की तीव्र लाट. किंवा सरासरी न बघता पारा थेट ४ वर आला की लाट, २ वर आला की तीव्र लाट. म्हणजे तुमचे सहाच्या खालचे अंश आकडा म्हणून अजून लाट नाहीत, पण सरासरीच्या फरकानं असू शकतात. हे पालकांशी वाद घालायला सांगत नाही. नोटिशीत 'थंडीची लाट' लिहायचं की 'वाढता गारठा', एवढ्यापुरतं.

खरी कामाची गोष्ट पुढे आहे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दिवसातलं सगळ्यात कमी तापमान त्याच वेळेला असतं. म्हणजे साडेसातचं कॉलेज धरायचं तर पोरानं दिवसातली सगळ्यात गार घटका रस्त्यावर काढायची. आणि कोरड्या हवेत ऊन चढतंही तसंच झपाट्यानं. आमच्या वहीत सातला ७ असलेला पारा दहाला १७-१८ दाखवायचा, दुपारी २८. ज्या दिवशी सकाळी हुडहुडी भरते त्याच दिवशी दुपारी स्वेटर काखेत असतो. दोन तासांत थंडी आपोआप निघून जाते, तिच्यासाठी अख्खा दिवस कशाला द्यायचा?

माझा पुतण्या मध्ये अमेरिकेत होता. तिथं जानेवारी २०१९ च्या शेवटी ध्रुवीय थंडी खाली उतरली तेव्हा मिशिगन विद्यापीठानं ३० आणि ३१ तारखेला वर्ग बंद ठेवले. दुपारीही पारा शून्याच्या कितीतरी खाली, वर वारा. उघडी कातडी काही मिनिटांत गोठते. तिथं तास दोन तास पुढे ढकलून काय होणार? बंद ठेवणं हाच उपाय. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: वर्ग बंद असल्याचं आदल्या दिवशीच जाहीर झालं होतं.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुम्ही तीच करायच्या बेतात आहात असं तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीवरून वाटलं ('नाहीतर सरळ साडेनऊची वेळ करून टाकते').

दहा-बारा वर्षांपूर्वीचा जानेवारी. शनिवारी मी नोटीस काढली: सोमवारपासून कॉलेज साडेनऊला. सगळे खूश. सोमवारी पाहुण्यांना घ्यायला म्हणून सातच्या सुमारास स्टँडवर गेलो, तर उपाहारगृहाच्या भिंतीला टेकून आमच्या तीस-चाळीस पोरी बसलेल्या. दोघींत एक शाल. एकीच्या सलवारीच्या कडा घोट्यापर्यंत ओल्या, ज्वारीच्या बांधावरून दवातून आलेली. सिमेंटचा बाक बर्फासारखा, म्हणून दप्तर खाली घालून बसलेल्या. मी विचारलं, "अगं, नोटीस वाचली नाही का?" त्यातली एक म्हणाली, "सर, नोटीस आम्ही वाचली, गाडीनं कुठं वाचली?"

गाडी रोजचीच होती. लांबच्या गावाहून ५:५० ला सुटायची आणि सातला स्टँडवर. त्यानंतरची गाडी थेट अकराला. म्हणजे माझ्या नोटिशीनं त्या पोरींची पहाट तशीच ठेवली आणि वर दोन तास उघड्यावर बसवलं. आधी निदान साडेसातला चार भिंतींच्या आत तरी होत्या. कॉलेजचं फाटक नऊला उघडणार होतं.

त्या दिवशी पहिलं काम केलं ते वाचनालय उघडलं. मग आगारात गेलो. आगारप्रमुखांनी नीट समजावलं: ती गाडी तुमच्या स्टँडवर पोरं उतरवते आणि लगेच दुसऱ्या मार्गावर जाते, तिथं एका शाळेची पोरं वाट बघत असतात. एका कॉलेजासाठी गाडी दोन तास मागे नेली तर पुढची सगळी साखळी ओढली जाते. खरंच होतं ते. मग गावातल्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना गाठून तिघांचं एकत्र पत्र दिलं. नऊ दिवस लागले. पाच मार्गांपैकी दोनांची वेळ बदलली. राहिलेल्या तीन मार्गांवरच्या साठेक पोरांसाठी वाचनालय सातलाच उघडायचं ठरलं, एक शिक्षक पाळीपाळीनं तिथं, आणि खिडक्यांना पुठ्ठे. त्यातल्या बऱ्याच पोरांचा त्या महिन्यात अभ्यास इतरांपेक्षा जास्त झाला, हा भाग वेगळा.

तेव्हा तुमचा क्रम असा ठेवा: आधी आगार, मग नोटीस. आणि तुमच्याकडे ज्युनिअर आहे म्हणून एक जादा बाब. मानव विकासच्या निळ्या बस बारावीपर्यंतच्या मुलींच्या वेळेवर बांधलेल्या असतात. सीनिअरच्या मुलीही त्याच वेळेच्या आधारानं घरून निघतात, कारण त्यांचे आईवडील 'सोबत आहे' म्हणून सोडतात. ज्युनिअरची वेळ एक आणि सीनिअरची दुसरी झाली की ती सोबत तुटते आणि एखादीचं येणंच बंद होतं. हे कुठल्या हजेरीपटात दिसत नाही. ती नुसती गैरहजर दिसते.

निरोपाचंही इथंच सांगतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं धरू नका. आमच्या निम्म्या मुलींकडे स्वतःचा फोन नव्हता. आता बऱ्याच जणींकडे असतो, तरी रात्री तो भावाच्या हातात असतो. माझा भरवशाचा माणूस होता मुक्कामी गाडीचा कंडक्टर. जी गाडी संध्याकाळी गावात जाऊन तिथंच मुक्काम करते, तीच पहाटे पोरांना घेऊन निघते. संध्याकाळी सहाच्या आत स्टँडवर पाच चिठ्ठ्या दिल्या की निरोप गाडीबरोबरच गावात पोचायचा. चिठ्ठीवर तारीख, वार आणि सही. म्हणून निर्णयाची वेळ मी दुपारी चारची ठरवून टाकली होती. चारपर्यंत ठरलं नाही तर उद्याचं कॉलेज नेहमीप्रमाणे. अंदाज पाहायला हवामान खात्याची जिल्हावार सूचना आहेच, शिवाय कृषी विद्यापीठाचं कृषी हवामान पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, त्यात पुढच्या पाच दिवसांचं किमान तापमान असतं. शेतकऱ्यांसाठी असतं ते, पण वेळापत्रकवाल्याला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

आता अधिकार कुणाचा. सचिव म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि पावसापाण्यात सुट्टीचे आदेश येतात ते त्या अधिकारात. आदेश आला की तिथं प्राचार्याची मर्जी संपली. विद्यापीठाच्या पातळीवर कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी निर्णय घेता येतो. पण कॉलेज किती वाजता भरवायचं, तास किती मिनिटांचा, हे तुमचं घरचं काम आहे. त्याला कलेक्टरची ऑर्डर लागत नाही. सहसंचालक कार्यालयाला आणि विद्यापीठाला माहितीसाठी पत्र द्या, बस. माझ्या सगळ्या नोकरीत पावसासाठी बंदचे आदेश कितीतरी पाहिले, थंडीसाठी कॉलेज बंदचा एकही नाही. तेव्हा ऑर्डरची वाट बघत बसलात तर फेब्रुवारी येईल.

आदेश आलाच तर तो अक्षर न् अक्षर वाचा. 'शाळा' म्हटलंय की 'शाळा व महाविद्यालये'? 'विद्यार्थ्यांना सुट्टी, शिक्षक व कर्मचारी यांनी मुख्यालयी हजर राहावे' असं शेवटच्या ओळीत असतंच बऱ्याचदा, आणि ती ओळ कुणी पुढे पाठवत नाही. जावक क्रमांक आणि तारीख बघा. मागच्या वर्षीची ऑर्डर तारीख कापून फिरवणारे उद्योगी लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. एकदा आमच्या गावात अशा कागदावर अख्खं वसतिगृह घरी निघालं होतं.

दिवसांचा हिशेब तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय असं दिसतं, तो मांडून दाखवतो. वर्षाचे १८० अध्यापन दिवस, म्हणजे सत्राला ९०. त्यात आता क्रेडिट आलं: थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३०. समजा तुमचं कॉलेज ७:३० ते १२:३०, ४८ मिनिटांचे सहा तास आणि बारा मिनिटांची सुट्टी. एका विषयाला आठवड्याला चार तास. दहा दिवस बंद ठेवलंत तर त्या विषयाचे सहा-सात तास जातात आणि सत्रातले दहा दिवसही जातात. ते दहा रविवार कुठून आणणार? त्याऐवजी महिनाभर तास ४० मिनिटांचा केला तर कॉलेज ९:३० ते १:४५ मध्ये बसतं, मधली सुट्टी पंधरा मिनिटांची धरूनसुद्धा. विषयामागे सोळा तासांचे आठ-आठ मिनिटं गेले, म्हणजे १२८ मिनिटं. जवळजवळ पावणेतीन तासिका. त्या फेब्रुवारीत शनिवारी दुपारी भरून निघतात, आणि दिवस एकही बुडत नाही.

अडचण खोल्यांची होईल. दुपारी ज्युनिअरचे काही वर्ग बसतात ना? १२:४५ ते १:४५ या तासाभरात दोघंही इमारतीत. आम्ही त्या वेळेत भाषेचे आणि सामाजिक शास्त्रांचे वर्ग मैदानावर कडुलिंबाखाली, म्हणजे खरं तर त्याच्या सावलीच्या बाहेर, उन्हात घ्यायचो. फळ्याची गैरसोय होते, पण त्या ऊबेत पोरं वर्गात बसतात त्याहून जागी असतात.

बंद ठेवण्याला माझा विरोध आहे त्याचं आणखी एक कारण, जे नोटिशीत लिहिता येत नाही. तुमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावरचे किती शिक्षक आहेत? आमच्याकडे शेवटी शेवटी निम्म्याच्या वर होते. कायम शिक्षकाला सुट्टी म्हणजे सुट्टी. तासिकावाल्याला सुट्टी म्हणजे त्या दिवसाचा रोजगार गेला, कारण तास नाही तर मानधन नाही. तेही आधीच महिनोन्‌महिने थकलेलं. सुट्टीच्या बातमीवर स्टाफरूममध्ये कोण हसतं आणि कोण गप्प बसतं, ते एकदा बघा.

हजेरीबद्दल थोडं. ७५ टक्क्यांची अट आहे आणि ती मोडायला मी सांगणार नाही. गैरहजर पोराला हजर लावू नका, एकदा ती सवय लागली की मस्टर कागद राहत नाही, चेष्टा होते. पण हिवाळ्यात पहिल्या तासाला सतत न येणारी मुलं कोण, ते शोधा. मी शोधलं तेव्हा त्यात मुलगे जास्त निघाले, आणि कारण थंडी नव्हतं. शेतीपंपाची लाईट आलटून पालटून दिवसा आणि रात्री येते. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात पोरगा रात्री गव्हाला, हरभऱ्याला पाणी देत गुडघाभर गार चिखलात उभा. पहाटे येऊन अंग टाकतो तो साडेसातला कसा येणार? काहींचे आईवडील कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले, घरी म्हातारी आणि धाकटी भावंडं. त्यांना शाळेत पाठवून मग हा निघतो. साडेनऊच्या वेळेनं यातली बरीचशी मुलं आपोआप वर्गात आली. माझ्या लेखी वेळ बदलण्याचा मोठा फायदा हाच होता, थंडी निमित्त झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आत भरवू नका असं सांगितलं, ते लेकरांच्या झोपेसाठी. कॉलेजच्या पोरांच्या झोपेची चौकशी कुणी करत नाही.

मग बंद कधी ठेवायचं? धुई (दाट धुकं) पडली तर? मला धुई थंडीपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. गाळपाच्या हंगामात पहाटे रस्त्यावर उसाच्या जोड ट्रॉल्या असतात, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. दहा फुटांवरचं दिसत नाही आणि मागून मोटारसायकलवर तिघं. पण धुईसुद्धा नऊपर्यंत विरते, तेव्हा तिचंही औषध उशिरा भरणारं कॉलेज हेच. फक्त मोटारसायकलवर येणाऱ्यांना नोटिशीत वेगळं लिहा की धुई असेल तर पहिला तास चुकला तरी चालेल, निघू नका. हे वाक्य तुमच्या सहीनं जाऊ द्या, पोरं ते घरी दाखवतात.

पाऊस ही मात्र वेगळी जात. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये जे झालं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्या मराठवाड्यात जे झालं, तिथं वेळ पुढे ढकलून काही साधत नाही. ओढ्याचा कमी उंचीचा पूल पाण्याखाली गेला की गेला. येलदरी-सिद्धेश्वरचे दरवाजे उघडले की पूर्णाकाठची गावं, जायकवाडी-माजलगावचं पाणी सुटलं की गोदाकाठची गावं तुटणार हे आदल्या दिवशीच कळतं. अशा वेळी आदेशाची वाट न बघता मी त्या गावांपुरती मुभा आणि गरज पडली तर सगळ्यांना सुट्टी दिली आहे. आणि पोरं कॉलेजात असताना पाणी चढलं तर त्यांना घाईनं घरी सोडू नये. 'लवकर सोडा, घरी जाऊ द्या' असा आरडाओरडा होतो, पण इमारत कोरडी आहे आणि पूल बुडालाय, सोडायचं कुठं? खिचडी शिजवा, सरपंचांना फोन करा, रात्र काढावी लागली तर काढा.

परीक्षेचं वेळापत्रक मात्र तुमच्या हातात नाही. विद्यापीठाच्या पेपरची वेळ केंद्रप्रमुखानं बदलायची नसते, पेपर सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी उघडतो. गावं तुटली असतील तर परीक्षा विभागाला लगेच फोन आणि पाठोपाठ मेल, गावांची नावं आणि विद्यार्थ्यांची संख्या देऊन. नुसतं 'पाऊस जास्त आहे' लिहिलं तर कुणी हलत नाही. पूर आला तेव्हा एमपीएससीनं २८ सप्टेंबर २०२५ ची पूर्वपरीक्षा ९ नोव्हेंबरला नेली, तेव्हा परीक्षा हलतच नाही असं नाही. अंतर्गत चाचण्या आणि प्रात्यक्षिकं मात्र तुमचीच, ती सकाळच्या पहिल्या बॅचला ठेवू नका.

प्रात्यक्षिकांवरून आठवलं. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये ग्लेशिअल ॲसिटिक ॲसिड साडेसोळा अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, आणि नवा लॅब असिस्टंट ती बर्नरजवळ नेतो. बूच सैल करून कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची, एवढं त्याला सांगून ठेवा. गारठ्यात लॅबच्या खिडक्या लावून घ्यायचा मोह होतो, तोही नको. आणि खोली करून राहणाऱ्या मुलांना एकदा सगळ्यांसमोर सांगा की दार-खिडकी लावून खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. थंडीनं आपल्याकडे सहसा पोरगं दगावत नाही, या शेगडीनं दगावू शकतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सोमवारी आगारात जा, जाताना शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सोबत न्या. कुठली गाडी बदलते आणि कुठली नाही हे कागदावर घ्या. मग ९:३० ची नोटीस काढा, मुदत घालून: संक्रांतीनंतर आठवड्याभरानं फेरविचार, म्हणजे सचिवांनाही 'कायमचं केलं' म्हणायला जागा राहत नाही. बदलत नाहीत त्या गाड्यांच्या पोरांसाठी वाचनालय सातला उघडं ठेवा. आणि त्याची एक जादा किल्ली शिपाईमामांकडे आजच करून द्या. आमच्याकडे ती एकच होती, ग्रंथपालांकडे, आणि ग्रंथपाल ११ किलोमीटरवरून मोटारसायकलवर यायचे, धुईतून.